जमालच्या ग्लोव्हमधली गादी

बाळाराम: मला साल शिकवू नकोस, जमाल. माझी शालन बोहल्यावर चढली ते हेच ब्याऐंशी साल. लेकीची पाठवणी केली आणि सौदीत राबिघच्या कॅम्पात परत आलो, कशासाठी? ह्या बेसबॉल मॅचसाठी. आता शेवटचे दोन आऊट राहिले, आणि मी म्हातारा झालो?

जमालुद्दीन: मी नाही म्हणत, बाला. आपल्या टीमचा वॉकर साहेब म्हणतोय. बघ, खुर्चीवरून उठलाय.

बाळाराम: त्यानंच मला पिचर केला, चेंडू टाकायला उभा केला. टँकरखालचा साप एका दगडात मारला तेव्हा काय नाचला होता!

जमालुद्दीन: त्याला आठ वर्षं झाली.

बाळाराम: आणि आठ वर्षं माझे चेंडू झेलणारा तू कॅचर. कधी मॅच थांबवून माझ्यापर्यंत चालत आलास? कोरियन कॅम्पवाले हसतायत.

जमालुद्दीन: हसू देत. त्यांची दोन माणसं बेसवर उभी आहेत. एक फटका बसला की खलास. खांदा कसा आहे?

बाळाराम: खांद्याला काय धाड भरलीय? वाळू घट्ट बसायला जळकं ऑईल मारतात, ते नीट मारलेलं नाही, पाय सरकतो. तेवढंच.

जमालुद्दीन: लग्नात अक्षता डाव्या हातानं टाकल्यास. सरूवहिनी भर मांडवात रागावली. तूच सांगितलंस.

बाळाराम: मेल्या, अक्षता आणि बेसबॉल एक का? तुझ्या ग्लोव्हचा आवाज ऐक की! पार मेसपर्यंत जातो. पंचविशीतल्या पोराचा येत नाही असा.

जमालुद्दीन: आवाज येतो. हो.

बाळाराम: मग खाली बघून काय बोलतोस?

तुकाराम: नाना, मला साहेबानं पाठवलंय. चेंडू माझ्याकडं द्या म्हणाला.

बाळाराम: आलास का? वाटच बघत होतास. साताऱ्याहून उतरलास तेव्हा बॅट कुठून धरायची ते मी दाखवलं तुला, तुक्या.

तुकाराम: न्हाई कोण म्हणतंय? मला नका देऊ. पर जमालभाईंच्या हाताकडं तरी बघा. सकाळी मेसमधी घास तोडता येईना त्यांना. उजव्या हातानं चमचा धरून खाल्लं.

बाळाराम: उजव्या हातानंच खातात, शहाण्या.

तुकाराम: व्हय, पर रोटी तोडायला डावा लावावा लागतो ना? मी तोडून दिली.

जमालुद्दीन: तुक्या, तोंड बंद कर.

बाळाराम: जमाल, ग्लोव्ह काढ.

जमालुद्दीन: मॅचनंतर बघ.

बाळाराम: काढ म्हणतो ना!

जमालुद्दीन: घे. बघ.

बाळाराम: अरे देवा. हे बोट आहे का वांगं? आणि हा ग्लोव्ह असा पापडासारखा का लागतो? आतली गादी कुठं गेली?

जमालुद्दीन: मी काढली.

बाळाराम: कधी?

जमालुद्दीन: थंडीत. गादी होती तोवर तुझा चेंडू ऐकूच येईना, बाला. वॉकर अर्धा वेळ पाठ करून कॉफी पितो. त्याला कान आहेत फक्त. फट् झालं की खूश. मग मी फट् करून दिलं.

बाळाराम: म्हणजे मला फसवलंस.

जमालुद्दीन: तुला पण, त्याला पण. रोज संध्याकाळी जेवताना तो आवाज तोंडानं काढून दाखवायचास तू सगळ्यांना. कसं सांगू?

बाळाराम: उद्या तुझी वेल्डिंगची टेस्ट आहे.

जमालुद्दीन: ठाऊक आहे.

बाळाराम: ह्या हातानं पाईप धरणार? नापास झालास तर कामावर ठेवणारा कफील पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का मारून घरी बसवेल. बायकोला, अख्तरीला काय सांगशील, बाळारामच्या आवाजासाठी आलो?

जमालुद्दीन: दोन आऊट तर राहिलेत. निभावेन.

तुकाराम: नाना, साहेब घाईनं यल्ला यल्ला ओरडतोय.

बाळाराम: ओरडू दे. जमाल, गादी टाकलीस का?

जमालुद्दीन: नाही. खिशात असते.

बाळाराम: घाल आत. नीट बसव, कोपरा दुमडलाय. तुक्या, धर चेंडू.

तुकाराम: नाना, तुम्ही टाका की. मी साहेबाला सांगतो.

बाळाराम: धर. ह्याचा हात सांभाळून टाक, पण हळू टाकू नकोस. जमाल, ह्याला गादी लागेल. मला लागत नव्हती.

(दहा वर्षांनी, गुहागरला, बाळारामच्या घरी.)

सरूबाई: जिंकलात ना पण त्या दिवशी?

जमालुद्दीन: कुठली, वहिनी? हरलो. तुक्याला पहिल्याच चेंडूवर धुतला. टेस्ट मात्र मी पास झालो.

सरूबाई: बघा आता! आम्हाला ह्यांनी जिंकलो म्हणून सांगितलं होतं. आणि वर सारखं विचारायचे, जमालचं बोट वळत असेल का गं? मी म्हणायची, मला काय ठाऊक, तो तिकडे, तुम्ही इकडे.

जमालुद्दीन: वळतं, वहिनी. हे बघा.

सरूबाई: मला दाखवून काय उपयोग? नव्वद साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते गेले.