वर गेलेले हात

मी शाळामास्तर, तरी त्या दिवशी मीही हात वर केला होता, हे आधीच सांगून टाकतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरात दंगल झाली आणि धुळ्याजवळच्या आमच्या गावात सभा भरली. ठराव असा, की गावाला बांगड्या भरणारे मणियारचाचा मुसलमान, म्हणून त्यांच्याकडून गावातल्या कुणी बांगड्या भरायच्या नाहीत. मनातून फारसा कुणाला पटला नव्हता. पण शेजारचा हात वर गेला, की आपलाही जायचा.

तेवढ्यात शेतात निंदणीला जाणारी म्हातारी अक्का मागून उठली. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मनगटं रिकामी.

"गावन्या बठ्ठा बायास्ना हातम्हा त्यान्याच बांगड्या शेतस," ती अहिराणीत म्हणाली. गावातल्या सगळ्या बायकांच्या हातांत चाचांच्याच बांगड्या होत्या, हे खरंच होतं. "पहिले घर जा, आपापली बायकोन्या बांगड्या फोडी या. मंग करा ठराव."

अहो, नवरे जिवंत असताना बांगड्या फोडायच्या? पटापट हात खाली आले. सरपंचांचा तर थेट खिशात गेला. त्या रिकाम्या मनगटांकडे बघत मीही माझा हात खाली घेतला.

घरी पोचलो, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. बायकोने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि विचारलं, "तुमचा हात वर होता का हो?"