भुतानं पांघरूण घालू नये

आत्या : ...आणि हा झगा कंबरेत कुणी आत घेतला?

दिग्दर्शक : कुठला झगा?

आत्या : कुठला म्हणजे? या घरात भुताचे झगे काय डझनभर आहेत? जुन्या चादरीचा, मी शिवलेला. दोन्ही बाजूंनी चांगला वीतभर आत घेतलाय.

दिग्दर्शक : आटला असेल गं. धुतलास ना तू परवा.

आत्या : कापड आटलं तर त्यातून टाचण्या उगवत नाहीत, ढब्या. सूनबाई, तू सांग. मघापासून कॅमेरा पुसतेयस, पुसून पुसून झिजेल तो.

सूनबाई : मला मधे घेऊ नका, आत्या. मी कॅमेरा धरते, तुमच्या भाच्याची बाजू धरत नाही.

दिग्दर्शक : बायको आहेस की शेजारीण?

सूनबाई : शेजारीण असते तर एव्हाना सगळं सांगून मोकळी झाले असते.

आत्या : म्हणजे सांगण्यासारखं आहे काहीतरी.

दिग्दर्शक : काही नाही गं. म्हटलं, यंदा भूत जरा बारीक दाखवावं.

आत्या : बारीक? मेल्यावर कोण पथ्य करतं रे?

दिग्दर्शक : आत्या, एकच दृश्य परत घ्यायचंय. तेवढ्यापुरतं एका मुलीला बोलावलंय. नाटकात काम करते. पाचला येईल. तू आपली आतल्या खोलीत पड आरामात.

आत्या : मुलगी. भूत म्हणून.

दिग्दर्शक : एकाच दृश्यापुरती.

सूनबाई : शेवटचं दृश्य आहे ते. आणि त्याच्या आधीची दोन. आणि जिन्यावरचं.

दिग्दर्शक : तू बाजू धरत नव्हतीस ना?

सूनबाई : धरली नाही. मोजली.

आत्या : बरं. काय येतं त्या मुलीला, जे मला येत नाही?

दिग्दर्शक : तसं काही नाही... मान पार मागे वळवते ती. बघूनच अंगावर काटा येतो.

आत्या : मान मीही वळवली असती, हा पट्टा लागायच्या आधी. तेव्हा विचारलं नाहीस. तेव्हा मला आंब्याच्या झाडावर चढवलंस आणि शिडी घेऊन जेवायला गेलास.

दिग्दर्शक : विसरलो होतो गं!

आत्या : मी नाही विसरले. मुंग्याही विसरल्या नसतील. नंतरच्या सुट्टीतल्या सिनेमात बीटाचा रस सांडलास बैठकीत. पाहुणे अजून विचारतात, इथे काय झालं होतं म्हणून. भर दुपारी माझ्या खिडक्यांना काळी कापडं ठोकून रात्र करतोस...

दिग्दर्शक : कारण माझं भूत नऊच्या ठोक्याला घोरायला लागतं!

आत्या : जन्मभर दवाखान्यात रात्री-अपरात्रीच्या पाळ्या केल्यात मी. आता माझ्या रात्री माझ्या आहेत. पण दुपारी तू म्हणशील तेव्हा तोंडाला मैदा फासून उभी राहिले की नाही? कधी म्हटलं, ढब्या, आज नको?

दिग्दर्शक : नाही म्हटलंस.

आत्या : मग मला काढून टाकताना निदान तोंडावर सांगायचं होतंस. झग्याला टाचण्या कसल्या मारतोस?

सूनबाई : सांग आता. नाहीतर मी सांगते.

दिग्दर्शक : काल वितरकाचा फोन आला होता. आपला सिनेमा पाहिला त्यानं.

आत्या : अगोबाई! घेतला?

दिग्दर्शक : हसला. हसून हसून खोकला लागला त्याला. म्हणाला, सुट्टीच्या दिवसांत लोक चार घटका घाबरायला येतात, हे कसलं भूत तुमचं? भूत बदला, मग घेतो. उद्या परत बघणार आहे.

आत्या : माझ्यात हसण्यासारखं काय आहे?

सूनबाई : या इकडे, दाखवते. चष्मा लावा आधी. हं, हे बघा. भूत आलं. बोळातून चालतंय. छान चालतंय, खरंच. आता इथे बघा.

आत्या : काय केलं मी?

दिग्दर्शक : दिवा बंद केलास! जाता जाता! त्या एका दिव्यावर अख्खं दृश्य उभं होतं माझं!

आत्या : बोळात कुणी नव्हतं. उगीच जळत होता.

दिग्दर्शक : भूत वीज वाचवतं का?

आत्या : बिल कोण भरतं?

सूनबाई : पुढे बघा. दारातल्या चपला. पायानं सरळ केल्या.

आत्या : कुणीतरी अडखळून पडलं असतं.

दिग्दर्शक : पडायलाच हवं होतं! पुढच्या दृश्यात त्यात अडखळून काका मरतो! आता काका सरळ चालत येऊन विनाकारण मरतोय!

सूनबाई : आणि हे. इथे वितरकाला खोकला लागला. भूत खाटेपाशी येतं, हात उगारतं, आता गळा दाबणार... आणि पांघरूण घालतं. नुसतं घालत नाही, पायांखाली नीट खोचतं.

आत्या : पांघरूण सरकून पोर उघडं पडलं होतं.

दिग्दर्शक : पोर नव्हतंच तिथे! दोन उशा होत्या! पोराच्या आईनं ऐन वेळी पाठवलं नाही, म्हणून पांघरुणाखाली उशा ठेवल्या होत्या, तुझ्यासमोर!

आत्या : मला कुठे दिसतंय? चष्मा तूच काढून घेतलास. म्हणे भुताला चष्मा नसतो. आणि हात आपोआप जातो रे. वॉर्डातून फेरी मारताना निम्मं काम तेच असायचं.

सूनबाई : म्हणजे आत्यांनी उशांना पांघरूण घातलं. उशांना थंडी वाजू नये म्हणून.

आत्या : हस, हस तूही.

दिग्दर्शक : आत्या, मी चेष्टा करत नाहीये. हा नाही गेला तर संपलं. पुढच्या सुट्टीत सिनेमा नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

सूनबाई : माझ्या दादानं गादीच्या दुकानात याच्यासाठी जागा धरून ठेवलीय. दादा म्हणतो, लोकांची झोप उडवून पोट भरत नाही, झोप लावून भरतं.

आत्या : गाद्या विकण्यात वाईट काही नाही.

दिग्दर्शक : वाईट नाही गं. पण मला हेच येतं. दुसरं काही येत नाही.

आत्या : ...आण तो झगा इकडे. नीट शिवून देते. टाचण्या टोचतील त्या पोरीला.

दिग्दर्शक : रागावलीस?

आत्या : रागावू कशाला? वाईट वाटलं. दोन्ही वेगळं असतं. तुझं काम झालं की जाईल.

(आत्या आत जाते. आतून नळ घट्ट बंद केल्याचा आवाज येतो.)

सूनबाई : झालं समाधान?

दिग्दर्शक : मग काय करू मी? तूच सांग.

सूनबाई : मला एक कळत नाही. लग्न झाल्यापासून तुझ्या सिनेमांचा कॅमेरा मी धरतेय. दर वेळी तेच. माणसं सुट्टीला जातात आणि परत येत नाहीत. कधी तळं, कधी घाट, कधी बंगला. एकदा तरी कुणाला परत आण की! निदान सामान तरी!

दिग्दर्शक : असतो तो प्रकार. सुट्टीतला भयपट म्हटलं की...

सूनबाई : प्रकार असतो, कबूल. पण भूत दर वेळी पांढऱ्या कपड्यांतच, दारातच उभं, मागून दिवा, तोंड दिसत नाही. हे कुठून आणलंस? तेवढं एकच दृश्य तू कधी कागदावर लिहीत नाहीस. सरळ येऊन सांगतोस, कॅमेरा इथे ठेव म्हणून. खाटेवर, उशीच्या उंचीला.

दिग्दर्शक : तसं चांगलं दिसतं.

आत्या : (बाहेर येत) मी सांगते. नळ बंद केला की आतून सगळं ऐकू येतं. सुट्टीपुरतं ठेवलं होतं याला माझ्याकडे. याच्या आईबापांना जरा चार दिवस फिरून यायचं होतं, हा नुकता गोवरातून उठलेला. माझा भाऊ दारात म्हणाला, सुट्टी संपली की नेतो.

सूनबाई : अपघाताचं माहीत आहे मला. पण याला इथे सुट्टीपुरतं ठेवलं होतं, हे नव्हतं माहीत.

आत्या : सुट्टी संपली. शाळा सुरू झाली. हा रोज पिशवी भरून दारात बसायचा.

दिग्दर्शक : आत्या, पुरे.

आत्या : पुरे काय? तू पडद्यावर दाखवतोस ते चालतं, मी बोलले की पुरे. बरं, भूत कुठून आलं ते मात्र मला ठाऊक नाही. ते तू सांग.

दिग्दर्शक : ...तूच होतीस ती.

आत्या : मी?

दिग्दर्शक : दुपारची पाळी संपवून घरी यायचीस, मी झोपल्यावर. कपडे न बदलता आधी माझ्या खोलीत. पांढरे कपडे, केस सुटलेले, मागे बोळातला दिवा. तोंड दिसायचं नाही. पहिल्या रात्री वाटलं, आता हे आपल्यालाही नेणार. आई-बाबांना नेलं तसं. डोळे गच्च मिटून घेतले मी.

सूनबाई : मग?

दिग्दर्शक : मग काय. भूत जवळ आलं. आणि पांघरूण घातलं. पायांखाली खोचलं. जाताना दिवा बंद केला.

सूनबाई : आणि हे तू काढून टाकायला निघालास? वितरक हसला म्हणून?

दिग्दर्शक : तो हसला गं...

सूनबाई : हसणारच. त्याला उशा दिसल्या! पांघरुणाखाली कुणी जिवंत असतं, तर हसला असता का? अरे, इतकी वर्षं गळे दाबतोयस लोकांचे, आणि तुला आलेली खरी भीती ही होती. येणारं न्यायला येतंय की सांभाळायला, हे कळत नाही तोवर माणूस श्वास रोखून धरतो. मी तर आत्ताच धरला होता.

दिग्दर्शक : आणि काका? त्याच्या चपला सरळ आहेत.

सूनबाई : काकाला जगू दे. एक तरी माणूस सुट्टीवरून घरी जाऊ दे.

दिग्दर्शक : नाही घेतला वितरकानं तर?

आत्या : तर गाद्या विक. उशाही असतील दुकानात. त्यांना पांघरूण घालायला मी येईन.

दिग्दर्शक : ...त्या मुलीला फोन कर. म्हणावं, येऊ नकोस. बोलावल्याबद्दल तिचे जे काय द्यायचे ते देऊ.

सूनबाई : निरोप धाडला मघाशीच, फोनवरून. तू दिव्यावरून ओरडत होतास तेव्हा.

दिग्दर्शक : तू ना...

सूनबाई : शेजारीण आहे मी. पण पोर कुठून आणणार आता? उशा बास झाल्या.

दिग्दर्शक : मी झोपतो. पाय तेवढे दिसतील.

सूनबाई : हे पाय? लहान मुलाचे? अस्वल पाळलंय म्हणून सांगावं लागेल.

दिग्दर्शक : पायमोजे घालतो. आत्या, झगा उसवून दे पटकन. कंबरेत होता तसा कर.

आत्या : उसवून कधीचा झालाय. आतमध्ये काय मी रडत बसले होते?

दिग्दर्शक : थोडी तरी?

आत्या : थोडी. मग टाचणी टोचली, तेव्हा शिव्या घातल्या तुला. मैदा कुठे ठेवलाय? आणि चष्म्याचं काय करू?

दिग्दर्शक : काढ. पण दिव्याला हात लावू नकोस. या वेळी मी सांगेन तेव्हा.

आत्या : शेवटी तरी बंद करायचा ना?

दिग्दर्शक : शेवटी कर. शेवटी तूच करायचास.

सूनबाई : कॅमेरा उशीच्या उंचीला लावलाय. ढब्यासाहेब, पाय आत घ्या, खाटेबाहेर जातायत. आत्या, दारात उभ्या राहा. अजून जरा डावीकडे. बास. हललात तर दिसेनाशा व्हाल. चालू करू?

दिग्दर्शक : कर. आत्या, मी पांघरूण लाथाडलं की तू आत यायचंस.

आत्या : मी आत आले की तू लाथाडायचंस. असं होतं ते.

दिग्दर्शक : काय?

आत्या : माझी किल्ली दारात वाजली की लाथाडायचास. खाली पडलेलं पांघरूण उचलायचे, तर ते अजून उबदार असायचं. रोजच्या रोज.

दिग्दर्शक : तुला... माहीत होतं?

आत्या : भूत बोलत नाही म्हणालास ना? मीट डोळे. गच्च नको मिटू रे. झोपेचं सोंग तुला तेव्हाही जमत नव्हतं.