पल्लवीचा ऐंशी कोटींचा गडी

"ऐंशी कोटी पाण्यात गेले, आता माही नोकरी जाते..." शेजारची पल्लवी फोनवर बोलत होती. भिंतीपलीकडून एवढंच ऐकू आलं, अन् तेवढ्यात माझ्या कुकरनं शिटी मारली. पल्लवी इथंच बालाघाटले सरकारी ऑफिसात कामाले. माझा जीव राहते काय? वाटीभर वरणाचा बहाणा घेऊन मी गेलीच.

पाहते तर पोरगी लॅपटॉपसमोर. फुटबॉलचा गेम! त्यात ती एका संघाची मॅनेजर. सगळा पैसा एकाच महागड्या खेळाडूवर घातला, अन् तो पठ्ठ्या हंगामभर एक गोल करेना. आज हरली तर मालक हिलेच काढणार.

"मंग विकून टाक ना त्याले!"

"आणला मीच, मावशी. चूक माही, त्याले बाजार काहून दाखवू?"

"बाकड्यावर तरी बसव."

"नाही. आज खेळू देते त्याले."

खरं सांगते, एवढ्या मोठ्या मनाचा साहेब मी आजवर पाह्यला नाही. मीही पदर खोचून बसली. शेवटी शेवटी त्यानं गोल मारला! आम्ही दोघी अशा ओरडलो की तिची सासू लाटणं घेऊनच धावत आली. पण समोरच्यांनी आधीच दोन मारले होते.

दुसऱ्या दिवशी नळावर बायांनी विचारलंच, "पल्लवीची नोकरी गेली म्हणते?"

"हौ, गेली," मी म्हटलं. "ऑफिसची शाबूत आहे, गेममधली गेली. पण पोरीनं गड्याले विकलं नाही."