आत्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

मुख्याध्यापिका : निबंध इंग्रजीचा, आणि त्यात पानोपानी ‘आत्या’? लाल पेन घरी विसरलात का, बाई?

इंग्रजीच्या बाई : विसरले नाही. ‘दप्तर’ खोडलंय, ‘डबा’ खोडलाय. त्यांना इंग्रजीत शब्द आहेत. हा मुद्दाम ठेवला.

मुख्याध्यापिका : यालाही आहे की. आंट! आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्यांना एकच.

इंग्रजीच्या बाई : तिथंच तर घोळ आहे. तुमच्या पद्धतीनं वाचून दाखवू? ‘आंट म्हणाली, पोर माझी. आंट म्हणाली, तुझी कशी? मग आंट रडायला लागली.’ आता सांगा, रडलं कोण?

मुख्याध्यापिका : हसवू नका. उद्या पालकांसमोर वाचन आहे, परीक्षक बाहेरचे. परक्या शब्दाला गुण कापतात. हातातोंडाशी आलेलं बक्षीस जाईल. बोलवा पोरीला.

इंग्रजीच्या बाई : दारातच उभी आहे. ये गं आत.

मुख्याध्यापिका : छान लिहिलंयस हो. आई गेल्यावर आत्यानं तुला सांभाळलं, आता मावशी न्यायला आलीय... दोनदा वाचला मी. फक्त तेवढा शब्द बदल.

मुलगी : नाही बदलणार, मॅडम.

मुख्याध्यापिका : अगं, हट्ट कसला? उद्या दोघीही येणार ना ऐकायला? ‘आंट’ म्हणालीस तर दोघींनाही वाटेल, आपलंच कौतुक चाललंय. कुणाचंच मन दुखणार नाही.

मुलगी : म्हणूनच नको. घरी दोघी माझ्यावरून भांडतात. तुला कुठं राहायचंय, हे एकीनंही विचारलं नाही. तोंड उघडलं की, ‘तू गप, लहान आहेस.’ उद्या माईक माझ्या हातात असेल.

इंग्रजीच्या बाई : आत्याला इंग्रजी समजतं का गं?

मुलगी : मावशीला समजतं. आत्याला अख्ख्या निबंधात तेवढा एकच शब्द समजेल.

मुख्याध्यापिका : ...बक्षीस गेलं तर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत.

मुलगी : नाही फोडणार.

मुख्याध्यापिका : बाई, पहिल्याच वाक्यात घालून द्या तिला, आत्या म्हणजे वडिलांची बहीण. परीक्षकांना निदान नातं तरी कळू दे.

(दुसऱ्या दिवशी. सभागृह रिकामं होत आलंय.)

मुख्याध्यापिका : दुसरा नंबर. कापलेच गुण. मी म्हटलं नव्हतं?

मुलगी : चालेल, मॅडम.

इंग्रजीच्या बाई : आत्या काय म्हणाली?

मुलगी : आधी रागावली. चारचौघांत माझं कशाला काढलंस, म्हणाली. मग माझा हात सोडेचना.

मुख्याध्यापिका : आणि मावशी?

मुलगी : तिनं सकाळीच माझी बॅग गाडीत ठेवली होती. ती काढून आणली आणि आत्याच्या हातात दिली.

इंग्रजीच्या बाई : काही बोलली नाही?

मुलगी : म्हणाली, ‘वरच्या कप्प्यात नवे कपडे आहेत हिचे. मापाला झाले नाहीत तर कळवा.’