माउसने काढलेलं पापलेट

अरे, मी केळव्याजवळच्या शाळेत शिक्षक होतो ना, तेव्हा तिथे पहिला कॉम्प्युटर आला. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "मुलांनी लांबूनच बघायचं." एक दिवस मी सरळ माउस मुलांच्या हातात दिला, आणि नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब वर्गात शिरले. मागे हेडमास्तर. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही!

मच्छीमाराची मुलगी जयू पडद्यावर पापलेट काढत होती. साहेब जवळ जाऊन म्हणाले, "छान आहे गं! पण याला एकच डोळा कसा?"

जयू म्हणाली, "दुसरा पल्याडच्या बाजूला हाय, सायेब."

आणि साहेब खरंच वाकून मॉनिटरच्या मागे बघायला लागले! मग स्वतःच इतके हसले, की हेडमास्तरांनाही हसावं लागलं. माउस त्यानंतर मुलांकडेच राहिला.