पेंढ्याचा रस्ता मीच दाखवला

मी किसन. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, बाप भात लावायचा न् मी मिसरूड फुटल्या फुटल्या तारापूरला एमआयडीसीत लागलो, कापड रंगवायच्या कंपनीत, बॉयलरवर. तीस वर्सं कोळसा ओढला. थुंकलो तरी काळं. बायको सुमन म्हणायची, तुमचे कपडे धुतले का मोरी काळी होते.

सुमनच्या दोन म्हशी व्हत्या. दूध सरावलीला कामगारांच्या खोल्यांवर जायचं, ते लोक म्हणायचे, भाभी के दूध में पानी नहीं. पोरगी नर्सिंग शिकते, तिची फी त्या दुधावर. न् म्हशींचा चारा म्हणजे शेजारच्या जानूदाचा पेंढा. त्याची जमीन जास्त, गुरं नाय. भाताची झोडणी झाली का त्याचा पेंढा आमच्या माळ्यावर, न् आमचं शेण त्याच्या शेतात. बापाच्या वेळेपासून असंच, पैशाचं नाव कधी कुणी काढलं नाय.

मग कंपनीत कोळसा बंद झाला. साहेब बोलले, आता शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या जाळायच्या, पांढरा कोळसा म्हणतात त्याला, दर वर्साला नवा उगवतो, संपत नाय. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू, खोकला कमी झाला माझा. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, तीस वर्सांत पयल्यांदा, न् विचारलं, तुमच्या बाजूला पेंढा मिळेल का? काय सांगू तुमाला, मी फुगलो. बोललो, हवा तेवढा. कांड्या बनवणाऱ्या ठेकेदाराला मीच मोटारसायकलवर मागं बसवून गावभर फिरवला, सुमन तेव्हा दूध घालायला सरावलीला गेलेली. मला वाटलं, लोक बांधावर जाळून टाकतात तो नेतील. जानूदाच्या ओटीवर आमी चहापण घेतला.

झोडणी झाली, सुमन दोर घेऊन गेली तर खळं मोकळं. मी कामावरून आलो तर ती दारात बसलेली, बोलली, सगळा विकला त्यांनी, गावात कुणाकडंच काडी नाय. मला खरंच वाटेना, मी डबा तसाच टाकून पळालो. जानूदा खाली बघून बोलला, अरे तूच आणलास ना त्याला, मला वाटलं तुला म्हायती हाय. रोख दिले त्यानं, मला पण पोरं हायेत. वैनीला मी तुझं नाव नाय सांगितलं. मी काय करून बसलो हे?

विकतचा चारा परवडेना, सगळीकडं भाव चढलेला. होळीच्या आधी दोन्ही म्हशी गेल्या. टेम्पोत चढेनात, सुमननं पाठीवर हात ठेवला तेव्हा चढल्या. पोरगी वर्सासाठी घरी बसली. न् त्याच आठवड्यात साहेब पेढे वाटत बोलले, बदल फार स्वस्तात झाला. स्वस्तात! मी पेढा खिशात टाकला न् बॉयलरवर गेलो.

सुमन अजून म्हणते, ज्यानं त्या ठेकेदाराला गावात आणला, त्याचं तळपट होवो. मी ताटात बघून जेवतो. जानूदाचं भलं होवो, कंपनीचं पण होवो, माझी भाकर तिथंच हाय. तुमी मगाशी विचारलंत ना, नाव बदलून लिहू का? नको, माझंच नाव ठेवा. सुमनला वाचता येतं. माझ्या तोंडून नाय निघत.