टोपड्याची खूण

नाही, मला काही सांगायचं नाही. मी जेवायला आलोय. नातीचं डोहाळजेवण, पुरणाचे होळिगे केलेत, कोपऱ्यात बसावं आणि तूप वाढणारीवर नजर ठेवावी, एवढाच माझा बेत... तर ह्या बायकांनी मला ओढून मधोमध खुर्चीत बसवलं. का, तर आमच्या चैत्राला म्हणे घरी बाळंत व्हायचंय. बोगादीच्या त्या नव्या घरात, टबात पाणी भरून. तिची आई शकुंतला, म्हणजे माझी मुलगी, म्हणते दवाखाना. नात म्हणते घर. आणि दोघी मिळून म्हणतात, अज्जाला विचारा, त्यांनी दोन्ही बघितलंय. मी बघितलंय? मी बाळंत झालो होतो का? झाली ती ही समोर बसलीय, आमची सोयराबाई, तिला कोणी विचारत नाही. मी तेव्हाच ओळखलं, ह्यात काहीतरी आहे. ह्यांना सल्ला नकोय, ह्यांना ती टोपड्याची गोष्ट ऐकून हसायचंय. हसा. मी जशी घडली तशी सांगतो.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, सरगूरला. घरीच. मी इकडे म्हैसुरात, संतेपेठेतल्या दुकानात, दसऱ्याच्या मिरवणुकीच्या घोडेस्वारांचे कोट शिवत होतो. सासऱ्यांनी पाठवलेला माणूस आला, दारात उभा राहिला, टोपी काढली. मी मशीन थांबवलं. ही वाचली, पोर गेलं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, तोंडही बघायला मिळालं नाही. त्यातलं एवढंच सांगणार, पुढचं विचारू नका.

मग दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तसा घरात वाद सुरू. माझी आई म्हणायची, "सरगूरची सुईण ती काय सुईण? आपल्या नर्मदाबाईला बोलव, अर्धी पेठ तिच्या हातावर जन्माला आलीय." म्हटलं, बघू तर खरं ही बाई कोण. आली. बसली. पोटाला हात लावायचं सोडून माझ्या टेबलाकडे बघतेय. मला विचारते, "शिंपीदादा, ही तुमची कातर चांगली धारेची आहे ना?" म्हटलं, का बाई? तर म्हणते, "नाळेला बरी." माझी कातर! जिने मी स्वतःची नखं कधी कापली नाहीत, जिला बायकोला हात लावू देत नाही, ती नाळेला? म्हटलं, ह्यात काहीतरी आहे. पोर जाणार ते जाणार, वर माझी कातरही जाणार.

म्हणून म्हणाल दवाखाना बरा, तर तिथलं वेगळंच. आमच्या शेजारी दामोदररावाचं बटणांचं दुकान. तो गल्ल्यावरून वाकून हळूच मला म्हणतो, "दवाखान्यात पोरं बदलतात, माहीत आहे का? माझ्या मेव्हणीच्या जावेचं पोर डावखुरं निघालं. घराण्यात कोणी डावखुरं नाही." आता सांगा, झोप लागेल का माणसाला? घरी पोर मरतं, दवाखान्यात पोर बदलतं, मग बापाने भरवसा ठेवायचा कोणावर?

शेवटी हिनेच सांगितलं. पीठ मळता मळता, वर न बघता. "मी दवाखान्यात जाणार. तुम्ही आणि तुमची आई घरी बाळंत व्हा." झालं, वाद संपला.

पण माझा संशय संपतो काय? आमच्यात रीत अशी की पोर यायच्या आधी पोरासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. शिंप्याचं घर, सगळ्या पेठेच्या पोरांना झबली आम्ही शिवणार, आणि आपल्या पोराला जुन्या लुगड्याची चिंधी. मानत होतो मी पण. पण तुम्हाला सांगतो, गिऱ्हाइकाचं कापड आलं की शिंपी आधी काय करतो? खूण घालतो. नाहीतर ह्याची विजार त्याच्या घरी. कापडाला खूण लागते, मग पोराला नको? कोटाच्या अस्तराचं लाल साटन उरलं होतं. आईची पाठ वळली की दोन टाके, वळली की दोन टाके, असं करत टोपडं शिवलं आणि आतून हिरव्या दोऱ्याची फुली घातली. म्हैसुरात दुसऱ्या कोणी तशी घालून दाखवावी. निघताना हिच्या हातात दिलं. म्हटलं, पोर आलं की आधी हे डोक्यावर, बाकीचं मग. तिने ते कनवटीला लावलं.

दवाखान्यात पुरुषांना आत सोडत नव्हते. मी फाटकाशी बसलो आणि बाहेर पडणारं प्रत्येक गाठोडं बघत होतो. एका बाईच्या पिशवीत डोकावलो तर त्यात बीटरूट. ती ओरडली, "अय्यो, सुम्ने इरी," म्हणजे गप बसा. गप कसा बसू?

भेटीची वेळ झाली तसा मी पहिला आत. लांबलचक खोली, ओळीने खाटा, प्रत्येक खाटेच्या पायाशी पाळणा. ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. पाळण्यात बघतो तर उघड्या डोक्याचं एक पोर. आणि शेजारच्या पाळण्यात... लाल टोपडं. टोपड्याची कड उलटली. हिरवी फुली. उचललंच मी. छातीशी धरलं, आणि काय झालं मला कोण जाणे, रडायलाच लागलो.

तेवढ्यात नर्स आली. हुबळी म्हैसूर राज्यात आल्यावर तिकडून बदलून आलेली, तिला मराठी येत होतं, हे माझं नशीब. "ओ, ठेवा ते खाली. ते मालतीबाईंचं हाय." म्हटलं, माझं आहे, खूण आहे. "तुम्हाला मुलगी झालीया. ह्यो मुलगा हाय." म्हटलं, मग तुम्हीच बदललंत, मला दामोदररावाने आधीच सांगितलंय. तशी ती कमरेवर हात ठेवून सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणते, "बघा बायांनो, मुलगी झाली म्हणून दुसऱ्याचा पोरगा उचलतुया!" मग काय विचारता. कण्हणाऱ्या बायका उठून बसल्या. कन्नडात शिव्या, मराठीत शिव्या, कोपऱ्यातली एक उर्दूत. आणि दारात पोराचा बाप उभा, गुंडेराव, राजवाड्याचा घोडेस्वार. त्याचा कोट मी शिवलेला. त्याचा दंड किती जाड आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

मी पोर दिलं. पण तुम्हाला सांगतो, मुलगा की मुलगी हे मी तोवर बघितलंच नव्हतं. मी शिलाई बघत होतो. हे आजपर्यंत एकाला पटलेलं नाही.

हिच्याकडे वळलो तर हिची चादर हलतेय. वाटलं, रडतेय. वाटलं, हिलाही तेच वाटलं, नवऱ्याला मुलगी नको. सरगूरचं एक गेलं, आणि आता मी हिच्याही मनातून उतरलो. वाकून चादर बाजूला केली, तर ही तोंडात पदर कोंबून हसतेय. टाके दुखतायत, डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय.

"शेजारणीचं पोर गारठलं होतं," म्हणाली. "शिवलेलं तिच्याकडे काहीच नव्हतं. आपलीला माझी ऊब होती. मीच घातलं त्याला."

म्हटलं, मग मला मार पडायची पाळी आली तरी तोंड का नाही उघडलंस?

तर हसायची थांबली. म्हणाली, "सरगूरला तुम्हाला धरायलाही मिळालं नव्हतं. ह्याला धरून रडत होता. म्हटलं, रडू दे थोडं."

मग तिने ही शकुंतला माझ्या हातात दिली, लालबुंद, बोंबलत. घेतली. आणि हीच शकुंतला आता सगळ्यांना सांगत फिरते, "अप्पा मला बदलायला निघाले होते."

चैत्रा, तू टबात जा नाहीतर खाटेवर जा, पण डॉक्टर हाकेवर असू दे, एवढं ह्या म्हाताऱ्याचं ऐक. बाकी माझं काय. नर्सने दुसऱ्या दिवशी चहा आणून दिला आणि चुकलं म्हणाली. गुंडेराव दुकानात येऊन हात जोडून गेला. दामोदररावानेसुद्धा मरायच्या आधी कबूल केलं की ती मेव्हणीची जाऊ खोटी होती. एकच माणूस राहिलंय, इतकी वर्षं एका ताटात जेवून अजून माफी मागितली नाही, आणि मी मरेपर्यंत मागणारही नाही... सोयराबाई.